मागच्या सीटपर्यंतचा गारवा

गाडीचे एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला उन्हाळ्यातल्या लग्नाची पत्रिका देऊ नये. एकतर तो येत नाही, आणि आलाच तर पंगतीत शेजारचा माणूस जिलेबी बाजूला सारून विचारतो, "मिस्त्री, आमच्या गाडीचा एसी हल्ली गारच करीना, काय झालं असेल हो?" आता गाडी न बघता मी काय सांगणार, कप्पाळ? माझ्या दोन्ही मुलींची लग्नं मी थंडीत लावली. व्याही म्हणाले होते, मे महिन्यातला मुहूर्त फार चांगला आहे. मी म्हटलं, असेल की, पण मुलीचा बाप मांडवात हजर असलेला बरा.

केडगाव ओलांडलं की पुणे रस्त्याला डाव्या हाताला माझं पत्र्याचं शेड आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे, माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं. आता शेड भाचा बघतो. मी गुडघे सांभाळत खुर्चीवर बसतो आणि कॉम्प्रेसरच्या आवाजावरून फुकटचे शेरे मारतो. या अंकाच्या संपादकांची गाडी माझ्याकडेच येते. ते म्हणाले, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं, त्यात काय लिहायचं, लोक येतात आणि म्हणतात, गॅस भरा. ते म्हणाले, हेच लिहा.

तर आधी या गॅसचंच सांगतो, कारण माझं निम्मं आयुष्य या एका गोष्टीवर भांडण्यात गेलं.

माठातलं पाणी गार का होतं? ते पाझरतं, वाऱ्यावर उडून जातं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. गाडीच्या एसीचं तत्त्व हेच. फरक इतकाच की माठाचं पाणी हवेत जातं ते जातंच, आणि एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरून परत येतो. इंजिनापाशी कॉम्प्रेसर असतो, तो गॅस दाबतो. पुढच्या जाळीमागे कंडेन्सर असतो, तो त्याची उष्णता रस्त्यावरच्या वाऱ्यात फेकतो. मग डॅशबोर्डामागच्या कॉइलमध्ये तोच गॅस पसरतो, गारेगार होतो, आणि पंखा ती गार हवा तुमच्या तोंडावर मारतो. एवढंच. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांमधून किंचित झिरपतो, तेवढं सोडलं तर तो जिथल्या तिथे असतो. म्हणून तुमच्या गाडीतला गॅस दर उन्हाळ्यात 'संपत' असेल, तर तो कुठूनतरी पळतोय. फुटकी घागर भरत राहायचं की भोक बुजवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण भोक शोधायला वेळ लागतो, बंपर उतरवावा लागतो, नळ्या साबणाच्या फेसानं तपासाव्या लागतात. भरून द्यायला चहा पिण्याइतका वेळ पुरतो. लोकांना चहाएवढाच वेळ असतो.

आणि कितीतरी गाड्यांना तर गॅस लागतच नाही. श्रीगोंद्याकडच्या गाड्या कारखान्यांच्या हंगामानंतर यायच्या. समोरून उसाच्या ट्रॉल्या, वरून भुस्सा आणि काजळी. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत ते असं गच्च बसायचं की वारा आत शिरायलाच जागा नाही. मी पाण्याचा पाईप घ्यायचो, हळू धारेनं, आतून बाहेर धुऊन काढायचो आणि म्हणायचो, जा. गिऱ्हाईक तिथंच उभं. "गॅस?" "नको." "थोडा तरी टाका की, मिस्त्री." एका बागायतदाराला तर एवढा संशय आला की तो पुढच्या गॅरेजात जाऊन गॅस भरून आला. नको तेवढा भरल्यामुळे एसी आणखी बिघडला, आणि ती गाडी परत माझ्याकडेच. मी त्याला काही बोललो नाही. म्हणजे, बोललो, पण ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आपली माणसं गाडीवर माया फार करतात, आणि ती माया शेवटी माझ्या टेबलावर येते. दसऱ्याला बॉनेटवर वाहिलेला झेंडू वाळतो, काचेच्या खालच्या फटीतून आत उतरतो आणि मार्चमध्ये एसीच्या फिल्टरात सापडतो. राहुरीच्या एका गुरुजींची नवी गाडी आली, "पायाखाली पाणी साचतंय, एसी गळतोय" म्हणत. काचेखालची पट्टी उचलली तर आत गहू उगवलेला! हिरवागार, बोटभर. घरच्यांनी पूजेला धान्य वाहिलं होतं, ते पाणी जायच्या भोकापाशी गोळा झालं आणि आपल्या धर्माला जागून रुजलं. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, काढू नका एवढ्यात. मंडळींना फोटो पाठवतो." मी फोटोसाठी थांबलो. मग काढलं.

पण आज सांगायचंय ते संदीपच्या गाडीबद्दल.

संदीप पारनेरच्या पुढच्या गावचा. सात सीटची जुनी गाडी घेऊन तो डायलिसिसचे पेशंट नगरला आणायचा. आठवड्यातून तीनदा जायचं, यायचं. असं भाडं सहसा कुणी धरत नाही. पेशंट मशिनवर असेपर्यंत तिथंच थांबावं लागतं, आणि परतीला ते थकलेले असतात, कुणाला उलटी होते, कुणाला चक्कर. संदीपनं धरलं होतं, कारण त्याचे स्वतःचे वडील असेच एसटीनं जा-ये करता करता गेले होते. हे त्यानं मला सांगितलं नाही. त्याच्या गाडीतल्या मावशींनी सांगितलं.

मावशी म्हणजे तात्यांची बायको. तात्या संदीपच्याच गावचे, वयानं साठीचे, कधीकाळी भक्कम असावेत असं मनगट. मधल्या ओळीत त्यांना बसता यायचं नाही, पाय सुजलेले. म्हणून मागची सगळी सीट त्यांची आणि मावशींची. आणि त्या गाडीची अडचण अशी की गार हवेची तोंडं फक्त पुढे. मागच्या सीटपर्यंत गारवा पोचायचा तो सगळ्यात शेवटी, उरलासुरला.

पहिल्यांदा ते आले ते उन्हाळ्यात, भर दुपारी, डायलिसिस करून घरी जाताना. संदीप उतरला तोच वैतागलेला. "मिस्त्री, महिन्यातनं एकदा गॅस भरतोय. भरला की दोन-चार फेऱ्या बरं चालतं, पुन्हा हाय ते हायच. भरून टाका."

"भरणार नाही. गळती शोधावी लागेल. गाडी ठेवून जा."

"ठेवू कुठं? ही मानसं खांद्यावर न्यू का?"

मीही चिडलो. उन्हाळ्यात मी तसाही कुणाशी नीट बोलत नाही. "मग ने तशीच," म्हणालो आणि वळलो. पण आमच्या शेडवर एक रीत आहे, आलेल्या गाडीतल्या सगळ्यांना आधी माठातलं पाणी द्यायचं. म्हणून मी मागच्या दारापाशी पेला घेऊन गेलो. तात्यांनी पेला घेतला. आतल्या पाण्यानं तो बाहेरूनही गार झालेला. त्यांनी तो गालाला लावला, मग दुसऱ्या गालाला, मग कपाळाला. डोळे मिटून थोडा वेळ तसाच धरला आणि न पिता मला परत दिला.

"घ्या की तात्या," मी म्हणालो.

"पानी मोजून हाय त्यांचं," मावशी म्हणाल्या. "मशिनीवाल्यांला पानी जास्ती झाल्यालं चालत न्हाई. आजच्या वाटनीचं सकाळीच पिऊन बसल्यात."

मला हे ठाऊक नव्हतं. तहान लागते आणि प्यायचं नाही, वर पत्रा तापलेला आणि पारनेरपर्यंतचा रस्ता. मी त्या पेल्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं मी एसी म्हणजे लोकांची चैन समजत होतो, आणि बड्या लोकांच्या चैनीवर माझं घर चालतं म्हणून स्वतःला थोडं हसतही होतो. त्या दिवसापासून ते हसणं बंद झालं.

तेवढ्यात मावशींनी पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली. तात्यांच्या हातावर सुया टोचलेल्या जागेची पट्टी सुटत आली होती. त्यांनी दातानं नवी पट्टी तोडली, लावली आणि तिचं टोक नखानं जरासं दुमडून ठेवलं. मी बघतोय हे बघून म्हणाल्या, "टोक दुमडलं की काढताना कातडं वढत न्हाई. नर्सबाईला बी मीच शिकवलं." आणि हसल्या.

मी संदीपला बाजूला घेतलं. म्हणालो, हे मशिनवर असतात तेवढा वेळ गाडी माझी. पुढच्या खेपेला त्यांना दवाखान्यात सोडून थेट इकडे ये.

तो मान खाली घालून म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? बाजारात एकजन म्हनला, घरच्या शिलेंडरचा गॅस भरून देतो. स्वस्तात. लई गार पडतो म्हनं."

माझा पाराच चढला. "गार पडतो, खरंय. आणि नळी फुटली की पेटतो पण! तात्यांना दवाखान्यात न्यायचंय की थेट अमरधामला?"

"वरडू नका. म्हनूनच इचारलं ना."

"मग करणार काय होतास, नाही विचारलं असतं तर?"

"गाडी इकली असती," तो म्हणाला. "बाकीचे पेशंट आताच कुरकुरत्यात. पंधरवड्यात न्हाई झालं तर सुप्याच्या कंपनीत डायव्हरची जागा हाय, जातो तिकडं." मग गाडीकडे बघून हळू म्हणाला, "पर मग ह्यांना आननार कोन?"

पुढच्या खेपेला तो आला, सकाळीच. मी पुढचा बंपर उतरवला. आमच्या धंद्यात गळतीची एक खूण असते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. भोकातून गॅस निसटतो तेव्हा तेलाचा थेंबही निसटतो, आणि त्यावर धूळ बसून काळा तेलकट डाग पडतो. तो डाग मी कंडेन्सरवर शोधत होतो. सापडला तो कंडेन्सरला जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीवर, अगदी खाली, कोपऱ्यात. आणि त्या डागात एक लोखंडी तार रुतलेली होती.

तारेला लिंबू-मिरची. एक नाही, बरीच. वरची लिंबं वाळून सुपारीएवढी टणक झालेली, मिरच्या काळ्या पडलेल्या. सगळ्यात खालचं लिंबू मात्र अजून पिवळं होतं. म्हणजे बांधणारा हात अजून येत होता. बंपरच्या खालच्या उघड्या तोंडातून आत हात घालून, दर वेळी तार पुन्हा पिळून, कुणीतरी ते बांधत होतं. नळी मऊ, तार कडक, रस्ते आपले. घासून घासून तिनं सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं होतं. साबणाचा फेस लावला तर तिथंच बुडबुडे.

मी संदीपला हाक मारली. त्यानं बघितलं आणि तो लालच झाला.

"कुनी केलं हे? माझ्या गाडीला?"

"अरे, बरेच लोक बांधतात."

"आमच्यात न्हाई चालत हे! आमच्या आज्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा उचलून नदीला सोडला. त्या घरातला मी. आन माझ्या गाडीच्या पोटात लिंबू?" त्यानं पाना जमिनीवर आपटला. "कुनीतरी करनीधरनी केली आसंल. माझं भाडं बघवत न्हाई कुनाला. त्या स्टँडवरच्या डायवरांपैकीच एक. आज सोडत न्हाई त्याला."

तो खरोखर फोन काढून कुणाला तरी लावायला लागला. मी तार पकडीनं सोडवत होतो. तिची दोन्ही टोकं पिळून आत वळवली होती आणि वर कशानंतरी गुंडाळली होती, हाताला टोचू नये म्हणून. धूळ आणि तेल पुसल्यावर दिसलं, ती पांढरी चिकटपट्टी होती. आणि तिचं टोक जरासं दुमडलेलं होतं.

तार मी तशीच संदीपच्या हातात दिली.

त्यानं बघितली. फोनवर पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं, ते त्यानं बंद केलं. मग शेडच्या कडेला टायरवर जाऊन बसला. तार बोटांत फिरवत म्हणाला, "पयल्या महिन्यात मावशीनं बंपरला बांधलं हुतं. समोर, सगळ्यांला दिसंल असं. मी सोडून त्यांच्या हातात दिलं. वाईट न्हाई बोललो, मिस्त्री. हसत म्हनलो, मावशी, ही गाडी डिझेलवर चालती, लिंबावर न्हाई. त्या बी हसल्या. मला वाटलं, मिटलं."

मिटलं नव्हतं. त्याला आवडत नाही म्हणून मावशींनी ते त्याला दिसणार नाही असं बांधलं होतं. नवऱ्याला तीनदा नेणारी-आणणारी ही एकच गाडी, तिला कुणाची नजर लागू नये. आणि ज्या गारव्यानं नवऱ्याची वाट सुकर व्हायची, तोच त्या गाठीतून थेंबाथेंबानं पळत होता. मला त्या बाईंचा राग यावा तर येईना, आणि संदीपला चूक म्हणावं तर तेही जमेना.

काम मात्र थांबून चालणार नव्हतं. नवीन कंडेन्सर-नळीचा संच घातला असता तर संदीपचं कंबरडं मोडलं असतं. भोक एकच, नळी बाकी ठणठणीत. एमआयडीसीत माझा एक जुना दोस्त ॲल्युमिनियमचं बारीक वेल्डिंग करतो. नळी काढून स्कूटरवर घातली, त्याच्याकडे नेली, त्यानं टाका मारून दिला. परत येऊन बसवली. नायट्रोजन भरून दाब धरतोय का बघितलं. काटा जागचा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावला. हा पंप नळ्यांतली हवा आणि दमट ओल ओढून काढतो. स्वस्तात भरणारे ही पायरी गाळतात, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ओल आत राहिली तर नळ्या आतून खराब होतात आणि पुढच्या वर्षी तेच रडगाणं.

पंप चालू असतानाच दवाखान्यातून फोन आला. तात्यांचं डायलिसिस झालं होतं.

"बास करा मिस्त्री, भरा आता," संदीप म्हणाला.

"पंप पुरा होऊ दे."

"त्यांना बाहेर बसायला बी जागा न्हाई तिथं!"

"मग रिक्षानं इकडे आण सगळ्यांना. पण पंप मी बंद करणार नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता हा मला मारतो की काय. पण गेला. तार त्यानं खिशात घातली होती.

रिक्षा आल्या तेव्हा मी तराजूवर सिलेंडर ठेवून गॅस वजनानं भरत होतो. कंपनीनं ठरवून दिलेलं वजन, कमी नाही, जास्त नाही. तात्यांना खुर्ची दिली. मावशी मात्र गाडीच्या पुढे येऊन थांबल्या. बंपर खाली जमिनीवर होता. त्यांची नजर इकडेतिकडे गेली नाही, थेट त्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं आता चकचकीत टाका होता, बाकी काही नव्हतं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "काय झालं हुतं ओ, मिस्त्री?"

मी संदीपकडे बघितलं. खोटं बोलायचं की खरं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. गाडी त्याची, माणसं त्याची.

"दगड लागला हुता, मावशी," संदीप म्हणाला. "खडीचा दगड. रस्ताच तसला हाय. नळीला भोक पडलं हुतं."

"दगड?"

"व्हय. दगड."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो सरळ बघत होता, खिशातला हात बाहेर न काढता. मला वाटतं, दोघांनाही कळलं होतं, आणि दुसऱ्याला कळलंय हेही कळलं होतं. मग संदीप माझ्याकडे वळला. आवाज मुद्दाम मोठा.

"मिस्त्री, बंपर बसवताय तर नंबरप्लेटच्या वरल्या अंगाला एक हूक मारा. मजबूत. नळ्यांपास्नं लांब."

"कशाला रे?" माझ्या तोंडून निघून गेलं. कधीकधी मीही गाढवच असतो.

"लागतो," तो म्हणाला.

मावशी तात्यांच्या डोक्यावरची टोपी नीट करायला लागल्या. टोपी नीटच होती.

हूक मारला. मग एसी लावून मी स्वतः गाडीत बसलो, कारण उभ्या गाडीत मला भरवसा येत नाही. सुप्याच्या दिशेनं थोडं अंतर गेलो. पुढच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं होतं, काटा छान उतरला. पण माझं लक्ष मागे होतं. मावशी हात पुढे करून सीटच्या मधल्या हवेत तळवा धरून बसल्या होत्या, गारवा येतोय का बघत. तो पुढच्यांवरून, मधल्यांवरून सरकत सरकत आला.

"मागं आला का?" त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्या डोळे मिटूनच म्हणाले, "आला." आणि थोड्या वेळानं त्यांची मान कलली. झोप लागली होती. संदीपनं आरशात बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला.

मजुरी मी घेतली. फुकटचा पुण्यात्मा मी नाही, आणि संदीपनं फुकट करूनही घेतलं नसतं. पण नव्या संचापुढे ती काहीच नव्हती, आणि पुढे त्या गाडीला गॅस लागला नाही.

काही दिवसांनी तो तपासणीला आला. हुकाला ताजं लिंबू, सात हिरव्या मिरच्या, ऐटीत लटकत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "काय रे, तुमच्यात चालत नाही ना हे?"

"न्हाईच चालत," तो म्हणाला. "पर ते माझं कुठंय? पॅसिंजरचं सामान हाय. पॅसिंजर न्यायचा तर सामान बी न्यावंच लागतं."

मावशी मागे बसून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या शेडला बी एक बांधून दिऊ का?" मी म्हटलं, द्या, पण नळीला नको.

तात्या पुढच्या थंडीत गेले. मला संदीपकडूनच कळलं, फोनवर. किडनीच्या दुखण्यात माणूस किती काढणार, हे सगळ्यांनाच माहीत असतं, तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पंपाशी नुसता उभा होतो. भेटायला जायचं म्हणत होतो, ते राहिलं. हंगाम सुरू झाला, गाड्यांची रांग लागली. गेलो नाही याची रुखरुख आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात पारनेरला पाव्हण्यांकडे गेलो होतो. शनिवारी सकाळी परत नगरला यायचं होतं. संदीपला कळलं तर तो म्हणाला, मी येतोच पेशंट घेऊन, चला. मी पुढे बसलो. सगळे गोळा करून झाले, मधली ओळ भरली, मागच्या सीटवर एक नवीन आजोबा, भिंतीला टेकल्यासारखे एका कडेला. गाव सुटायच्या आधी संदीपनं एका घरापुढे गाडी उभी केली. हॉर्न वाजवला नाही. एसी चालूच ठेवला आणि मागचं दार उघडलं.

मावशी आल्या. हातात लिंबू-मिरची. हुकाचं जुनं काढलं, नवं बांधलं, तारेचं टोक वळवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. टोक दुमडलं. मला बघून म्हणाल्या, "बरं हाय ना, मिस्त्री?" मी हो म्हणालो.

मग त्या मागच्या दारातून आत चढल्या आणि आजोबांच्या शेजारी, रिकाम्या जागेवर बसल्या. मला वाटलं, नगरला येताहेत. पण संदीपनं गाडी सुरू केली नाही. गाडीतलं कुणी काही विचारलंही नाही, म्हणजे हे नेहमीचंच असावं. मावशींनी हात पुढे केला, तळवा हवेत धरला आणि वाट बघत राहिल्या. दार उघडं होतं, बाहेरचं ऊन आत येत होतं, त्यामुळे जरा वेळ लागला.

मग त्यांनी आजोबांना विचारलं, "मागं आला का?"

"आला," आजोबा म्हणाले.

मावशी उतरल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरून काचेवर थाप मारली. संदीपनं गिअर टाकला.